शुगर आणि वजन: सुरुवात कुठून करायची

ताई, एचबीएवनसी (सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ८.४ आणि वजन ८६ किलो हे आकडे एकदम समोर आले की पोटात गोळा येतोच. बारा वर्षांपूर्वी मलाही आला होता. घाबरू नका, चार-पाच किलो उतरले तरी शुगरवर फरक दिसतो.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइडची इंजेक्शनं वजन आणि शुगर दोन्ही उतरवतात. पण ती तुम्हाला हवीत का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. वजन उतरवायच्या ऑपरेशनचा विचार तर आत्ता नकोच. सध्या एवढंच करा:

- मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी जेवणासोबत घ्या. सुरुवातीला पोट बिघडतं, बहुतेकांचं सावरतं. नाही सावरलं तर परस्पर गोळी बंद करू नका, डॉक्टरांकडून एसआर, म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी गोळी मिळू शकते.
- अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट उसळ, अंडं किंवा मासे, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. ज्वारीची म्हणून चार-चार भाकऱ्या खाणं ही सर्रास होणारी चूक, मीही वर्षभर केली.
- जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला.

फक्त उपाशीपोटीची शुगर बघून खूश होऊ नका. एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं.

आणि उपवास! ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नका. घाम, थरथर, शुगर ७० च्या खाली दिसली तर लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

डोळ्यांचा पडदा मात्र याच महिन्यात तपासून घ्या, नीट दिसत असलं तरी.