दांडिया बाजारातल्या आमच्या गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रासाठी बास गिटारला कोणत्या तारा लावाव्यात?

भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी असतील तर डोळे झाकून फ्लॅटवाउंड घ्या. तारेवर गुंडाळलेली पट्टी चपटी असल्याने बोट सरकताना खरखर होत नाही, आवाज गोल येतो आणि गायकाच्या आड येत नाही. महाग पडतात, पण टिकतात. मोटाउनचा प्रसिद्ध बास वादक जेम्स जेमर्सन तार तुटेपर्यंत बदलतच नसे! स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवणार असाल तर निकेलच्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या. स्टीलच्या जास्त खणखणीत, पण फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) लवकर झिजवतात. जाडी ४५-१०५ (इंचाच्या हजाराव्या भागात, सर्वांत बारीक ते सर्वांत जाड तार) ठीक.

विकत घेण्याआधी नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खाली तारा टेकतात तो भाग) मोजा: ३४ इंच म्हणजे लाँग स्केल, ३० म्हणजे शॉर्ट. फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा जास्त असतो, त्यामुळे ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) थोडा फिरवावा लागेल. आणि भाद्रपदातल्या दमट मांडवात वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा.