सरकारी सेवांमध्ये जोखीम व्यवस्थापन म्हणजे नेमकं काय करतात?

काय बिघडू शकतं, त्याने कुणाचं किती नुकसान होईल आणि ते रोखायची जबाबदारी कुणाची, हे आधीच ठरवून ठेवतात. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल घ्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो कोसळला, दोन एसटी बस वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि धोका नाही असं ठरलं होतं! पाण्याखालचा पाया तपासला का, पाणी कुठवर चढलं की वाहतूक थांबवायची, रात्री तो आदेश कोण देणार, हे पाहणीच्या नमुन्यातच हवं. माझ्या मते शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. जागेवरच्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांच्या फोनची वाट न पाहता रस्ता बंद करता आला पाहिजे.