आकडा उतरला म्हणून पेढे आणले होते

ताई, तुमच्या सासऱ्यांचं वाचलं आणि आमच्या बाबांची फाइलच डोळ्यांसमोर आली. तुम्ही लिहिलंय, सासऱ्यांना सीएमएल (रक्ताचा एक कर्करोग), चार वर्षं इमॅटिनिबची गोळी, बीसीआर-एबीएल (आजार किती उरलाय ते सांगणारा रक्तातला आकडा) ०.०७ टक्क्यांवरून ०.५, मधे लॅब बदललेली, डॉक्टर म्युटेशन टेस्ट (गोळीला दाद न देणारा बदल शोधणारी) सांगतायत आणि दीर म्हणतात, "स्टेम सेलच मरत नसतील तर गोळ्या कशाला?" मी डॉक्टर नाही. ठाण्यात राहतो, सात वर्षं हा आजार घरात आहे, एवढाच माझा अधिकार.

आधी लॅब. दोन्ही रिपोर्टांवर ‘आयएस’, म्हणजे इंटरनॅशनल स्केल (वेगवेगळ्या लॅबचे आकडे ताडता यावेत म्हणून ठरवलेलं एकच माप), लिहिलंय का ते आजच बघा. आम्ही इथेच माती खाल्ली. बाबांचा आकडा ०.०५ होता. पुढच्या वेळी सवलत मिळते म्हणून घराजवळच्या कलेक्शन सेंटरला रक्त दिलं. रिपोर्ट ०.९. घरात कुणी धड जेवलं नाही. तीन महिन्यांनी तिसऱ्याच लॅबचा आला ०.४. निम्म्याहून खाली! मी स्वतः पेढे आणले. मधला ०.९ आयएसवर नव्हताच, तो कशाशीच ताडून बघता येत नव्हता. खरा हिशेब ०.०५ वरून ०.४, आठपट वाढ, ०.१ ची रेघ (तिच्याखाली आजार नीट ताब्यात) केव्हाच ओलांडलेली. सेंटरला फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणे, "सर, पर्सेंटेज म्हणजे पर्सेंटेज." दोन मेल केले, उत्तर नाही. अजून तो बोर्ड दिसला की डोकं फिरतं.

त्यात बाबांनी कबूल केलं की चतुर्थी-एकादशीला गोळी घेत नव्हते, कारण ती भरल्या पोटी घ्यायची. मग सगळं खापर उपासावर. गोळ्या चुकल्या की आकडा चढतो हे खरंच, तुम्हीही स्ट्रिपा मोजा (सासऱ्यांच्या नकळत, माणसाला लागतं ते). पण त्या नादात आमचे आणखी तीन महिने गेले, आकडा ३ वर पोचला, तेव्हा कुठे म्युटेशन टेस्ट झाली. निघालं टी३१५आय नावाचं म्युटेशन.

दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गोळी बीसीआर-एबीएल प्रथिनाला अडवते आणि त्याच्या जिवावर वाढणाऱ्या पेशी मरतात. मज्जेत निपचित पडलेल्या मूळ पेशी मात्र जगण्यासाठी त्या प्रथिनावर तेवढ्या विसंबून नसतात. हराळीसारखं आहे, वरचं गवत जातं, काशा मातीत राहतात. म्हणूनच अनेक वर्षं उत्तम आकडा असलेल्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवली, तरी साधारण निम्म्यांचा आजार परततो, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत. गोळ्या कशाला, ते यासाठी. तुमच्याकडे तर आकडाच चढतोय, बंद करायचा विषयही काढू नका.

शिवाय या पेशी होत्या तशा राहत नाहीत. याच आजारात सापडणारं फिलाडेल्फिया गुणसूत्र १९६० मध्ये शोधणाऱ्या दोघांपैकी पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये मांडलं होतं की कर्करोग एका पेशीपासून सुरू होतो, तिच्या वंशात बदल होत जातात आणि तगणारी शाखा बाकीच्यांना मागे टाकते. टी३१५आयमध्ये प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदलतं, पण इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब या तिन्ही गोळ्या निकामी होतात. अशी शाखा कधीकधी उपचाराआधीच मूठभर असते. गोळी इतरांना मारते आणि तिला रान मोकळं करून देते. तेव्हा म्युटेशन न तपासता "पुढची गोळी लावून बघू" याला माझा तरी सक्त विरोध.

टेस्ट कोणत्या पद्धतीची, हेही विचारा. सँगर पद्धतीला ती शाखा १५-२० टक्के झाल्याशिवाय सहसा दिसत नाही, एनजीएस या नव्या पद्धतीला बरीच आधी दिसते. रक्त शनिवारी देऊ नका, नळी रविवारभर पडून राहिली तर टेस्टला लागणारा आरएनए खराब होतो. दुसरं मत हवं असेल तर खारघरला टाटा कॅन्सर हॉस्पिटलचं अ‍ॅक्ट्रेक केंद्र आहे, वाशीहून पनवेल लोकल. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि आयएस नसलेल्यावर लाल पेनाने फुली मारा.

बाबा आता पोनॅटिनिब या टी३१५आयवरही चालणाऱ्या गोळीवर आहेत. रक्तवाहिन्यांना धोका असतो, म्हणून बीपी रोज वहीत लिहितो. एकाच लॅबचे गेले तीन आकडे ०.१ च्या खाली आहेत. या गोळीला जेवणाची अट नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारून एकादशी पुन्हा सुरू झाली आहे.