आप्पांना विचारा : जुन्या पिकअपचा लाकडी हौदा

प्रश्न : आप्पा, नमस्कार. आजोबांची १९५३ ची शेवरले पिकअप पंचवीस वर्षं खळ्यात उभी होती. इंजिन मी चालू करून घेतलं. मागचा हौदा मात्र गेला. फळ्या वाळवीने खाल्ल्या, खालचे आडवे बीम गंजून चाळणी झाले. बाजूचे पत्रे आणि फाळका (मागचं उघडणारं झाकण) तेवढा शाबूत आहे. चासीवर पुन्हा लाकडी तळाचा हौदा बसवायचाय. वेल्डर म्हणतो, चासीला थेट वेल्डिंग मारू, जन्मात हलणार नाही. सुतार म्हणतो, बांधावरचा आंबा पडलाय, त्याच्या फळ्या काढू. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येतील तेव्हा गाडी दारात उभी हवी. काय करू?
– एक वाचक, ता. चोपडा

उत्तर : भाऊ, आधी वेल्डरला थांबवा. बाकीचं निवांत बोलू.

तुमच्या गाडीची चासी म्हणजे दोन लांब पन्हाळ्या आणि मधल्या आडव्या पट्ट्या. नांगरटीच्या रानातून गाडी नेली, एक चाक चारीत उतरलं, की ही चासी पिळवटते. ती तशीच बनवलेली आहे. हौदा वेल्डिंगने जखडला तर तो पीळ जाणार कुठे? वेल्डिंगच्या कडेला बारीक चीर पडते आणि ती चासीत शिरते. चासीला मूळची भोकं आहेत. माती खरवडा, तारेच्या ब्रशने घासा, सापडतील. तीच वापरा. नवीन भोक पाडायचंच झालं तर पन्हाळीच्या उभ्या अंगाला, ड्रिलने. वरच्या-खालच्या पट्टीला भोक नको, कारण वाकण्याचा ताण तिथेच जास्त असतो. गॅसने तर कुठेच नको.

चासी सरळ आहे का, हे सुतळीने बघा. मागच्या भागाचे दोन्ही कर्ण मोजा. फरक दोन सुतांपेक्षा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त आला तर हौद्याचं काम थांबवून आधी चासी सरळ करून घ्या. वाकड्या चासीवर फाळका कधीच नीट लागत नाही. मग रेडऑक्साइड मारा.

बीम नवे लोखंडीच करा, पण लोखंडावर लोखंड टेकवू नका. मध्ये सागाचा ठोकळा आणि त्याखाली जाड रबर. मी जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे वापरतो. आवाज मरतो आणि पाणीही धरून राहत नाही. हौदा ठेवताना गाडी चारही चाकांवर, सपाट फरशीवर, टायरमध्ये हवा भरून उभी हवी. गाडी अर्ध्या टनाची असेल तर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, ११६ इंच. मागच्या मडगार्डच्या कमानीचा मध्य ॲक्सलच्या मध्यावर आला की जागा बरोबर. केबिन आणि हौदा यांत दोन बोटं अंतर सोडा, नाहीतर खड्ड्यात दोघं एकमेकांना घासतील. बोल्ट शेवटचे आवळण्याआधी फाळका लावून दोनदा उघडझाप करून बघा.

आता लाकूड. आंबा नको. त्याला कीड लवकर लागते, ओल बसली की कुजतो. अमेरिकेत या गाड्यांना पिवळा पाइन किंवा ओक असायचा. आपल्याकडे साग आहे, आणि जुन्या वाड्याचा मिळाला तर दुसरं काही बघू नका. तुळया, चौकटी सत्तर-ऐंशी वर्षं वाळलेल्या असतात. फक्त रंध्याला लावण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा. आत तुटलेला खिळा असतो आणि मशीनचं पातं एका फटक्यात जातं. वखारीतून नवा साग घेतलात तर पावती आणि वाहतुकीचा पास जपून ठेवा.

फळी सहा सूत जाडीची. दोन्ही कडांना वरून खाच. दोन फळ्यांच्या मध्ये फट, फटीवर सव्वा इंची लोखंडी पट्टी, आणि अडीच सुताचा, मानेला चौकोन असलेला बोल्ट पट्टीतून फटीत उतरून खाली बीमला. बोल्ट फळीतून जात नाही. फळी पट्टीखाली दाबलेली राहते, पण आजूबाजूला सरकू शकते. माल ओढताना तो पट्टीवरून सरकतो, लाकूड सोलत नाही. एखादी फळी गेली तर पट्टी सोडून तेवढीच बदलता येते. मला या कामातली सर्वांत आवडती गोष्ट हीच.

ती फट किती? इथे मी स्वतः चुकलोय. बावीस वर्षांपूर्वी पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा हौदा भर मे महिन्यात केला. बाहेर ४५ अंश, लाकूड पापडासारखं वाळलेलं. सांधा दिसू नये म्हणून फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या. आषाढात गाडी परत आली. मधल्या तीन फळ्या फुगून उभ्या राहिल्या होत्या, एक पट्टी धनुष्यासारखी वाकली होती. वडील तेव्हा वर्कशॉपात येऊन बसायचे. त्यांनी फुगलेल्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “लाकूडले फुगाले जागा ठेव, भाऊ.” फळ्या मी पदरच्या पैशाने बदलून दिल्या.

आखाजीच्या आधी बसवणार, म्हणजे लाकूड सर्वांत कोरडं असताना. सहा इंची फळीला बोल्टाच्या जाडीपेक्षा एक सूत जास्त फट ठेवा. फट डोळ्यांना खुपेल, पट्टीखाली झाकली जाईल. हेच काम श्रावणात केलं असतं तर फळ्या जवळजवळ बोल्टाला भिडवायला सांगितलं असतं. आणि बसवण्याआधी फळीला सहाही बाजूंनी तेल द्या (कोणतं, ते पुढच्या उत्तरात). बसल्यावर खालची बाजू हाताला लागत नाही. दोन्ही टोकांना जास्त द्या, पाणी तिथूनच शिरतं.

दोनशे किलोमीटर चालवून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. हौदा मूळचा तसाच लाकडी करताय, तरी कागदांवर काही बदल नोंदवावा लागेल का, हे आरटीओत आधी विचारून घ्या.

प्रश्न : आप्पा, आमच्या पिकअपच्या लाकडी तळाला दर दिवाळीला जळकं इंजिन ऑइल फासतात. केळीची पानं काळी होतात. दुसरं काही आहे का?
– एक वाचक भगिनी, ता. शिरपूर

उत्तर : ताई, जळकं ऑइल बंदच करा. ते वाळत नाही, धूळ धरतं, पाय घसरतो, आणि मालाला लागतं. हार्डवेअरच्या दुकानात जवसाचं उकळलेलं तेल मिळतं, बेलतेल म्हणतात. त्यात निम्मं टर्पेंटाइन घालून पहिला हात द्या. दोन दिवसांनी नुसत्या तेलाचा दुसरा. अर्ध्या तासाने वर राहिलेलं तेल कापडाने पुसून काढा, नाहीतर चिकट थर बसतो.

ते पुसलेलं कापड बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. बाजूला कापूस असेल तर विचारायलाच नको. आमच्याकडे चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवतात, किंवा अंगणात तारेवर एकेक सुटी वाळवतात.