मुलांना घरातल्या वस्तूंवरून साधी यंत्रं कशी शिकवावीत?

तिसरी-चौथीच्या मुलांना व्याख्या नंतर द्या, आधी त्यांच्या हाताला फरक कळू द्या.

सुरुवात दारापासून करा. दार आधी कडीजवळ एका बोटाने ढकलायला सांगा, मग बिजागरीपासून चार बोटांवर. दुसऱ्या वेळी चांगलाच जोर लागतो. टेकूपासून (वस्तू ज्याभोवती फिरते ती जागा, इथे बिजागरी) लांब जोर लावला की काम हलकं होतं, हे इथेच कळतं.

मग अडकित्ता. (पातं धारदार असतं, तो तुम्हीच धरा.) सुपारी टोकाकडे धरली तर फुटता फुटत नाही, सांध्याजवळ सरकवली की कट्‌कन फुटते. टेकू एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला, सुपारी मध्ये: ही दुसऱ्या प्रकारची तरफ (टेकूभोवती फिरणारा दांडा). कात्रीत टेकू मध्ये येतो, म्हणून ती पहिल्या प्रकारची.

उतरणीसाठी पुस्तकांच्या ढिगाला फळी टेकवा. खेळण्यातली गाडी रबरबँडने आधी सरळ उचला, मग फळीवरून ओढा. रबर कमी ताणलं जातं. मात्र अंतर वाढलं, हे मुलांना आवर्जून दाखवा. यंत्र फुकट काही देत नाही, जोर वाचतो तेवढं अंतर जास्त कापावं लागतं. माझ्या मते सगळ्या धड्यातली हीच खरी गोष्ट, आणि नेमकी तीच राहून जाते.

विळीचं पातं म्हणजे पाचर. स्क्रूसाठी काटकोन त्रिकोणाचा कागद पेन्सिलीला गुंडाळा, गुंडाळलेली उतरण लगेच दिसते.