आय-सेव्हन काढा, एसएमपीएस बदला: पहिल्या पीसीच्या यादीबद्दल

तुमच्या पहिल्या पीसीसाठी निवडलेल्या पार्टची यादी पाहिली, तिच्यावर हे माझं मत. तुमची गरज थोडक्यात अशी: बजेट सव्वा लाखाच्या आसपास, मॉनिटर घरात आहे (२७ इंची, १४४०पी, १६५ हर्ट्झ), दिवसा प्रीमिअरमध्ये लग्नांचे व्हिडिओ आणि थोडं ब्लेंडर (थ्रीडी काम), रात्री गेम. मुक्काम नागपूर. यादीत कोअर आय-सेव्हन १४७००के, साधा बी७६० मदरबोर्ड, ८ जीबीच्या चार रॅम, ८ जीबीचं आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी आणि कॅबिनेटसोबत फुकट येणारा ५०० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग).

सगळा जोर प्रोसेसरवर गेलाय, बाकी ठिकाणी काटकसर झालीय. १४७००के मधल्या 'के'चे जादा पैसे ओव्हरक्लॉकिंगसाठी (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी) असतात आणि बी७६० चिपसेटवर (बोर्डावरच्या नियंत्रक चिपवर) प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होतच नाही. हा चिप पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो, डब्यात कूलर नसतो, आणि स्वस्त बोर्डाचे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) तापले की बोर्डच त्याचा वेग खाली आणतो. २० कोअरचे पैसे भरून ते वापरताच येणार नाहीत. शिवाय १३व्या-१४व्या पिढीच्या या मोठ्या चिपांना व्होल्टेजचा जो त्रास होता, त्यावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (बायोसमधून येणारी दुरुस्ती) दिला. तरी हाच घ्यायचा हट्ट असेल तर विंडोज टाकायच्या आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

माझं मत रायझन ७ ७७०० कडे झुकतं. ८ कोअर, १६ थ्रेड, नावाला ६५ वॅट, प्रत्यक्षात मर्यादा ८८. बॉक्समध्ये बरा कूलर येतो, आणि आत छोटं ग्राफिक्स असल्यामुळे कार्ड वॉरंटीला गेलं तरी स्क्रीन दिसते. १४४०पी वर गेममध्ये बहुतेक वेळा कार्डच आधी दमतं, त्यामुळे तिथे महागडा प्रोसेसर फार काही देत नाही. बजेट ताणलं गेलं तर ६ कोअरचा ७६०० घ्या. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला मात्र टाळा, त्यात ते छोटं ग्राफिक्स नसतं. सोबत बी६५० बोर्ड, दोन एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डात बसवायच्या खाचा) आणि मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण (पेन ड्राइव्हवरून बायोस बदलायचं) असलेला. एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) किमान २०२७ पर्यंत चालू ठेवू असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढे बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल.

वाचलेले पैसे कार्डात घाला. १४४०पी ला ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आज काठावर आहे. ती भरली की सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीक दिसतो, पण वळणावर गेम अडखळतो, भिंतींची टेक्श्चर्स धूसरच राहतात. ब्लेंडरमध्ये सीन व्हीरॅममध्ये मावला नाही तर रेंडर रांगायला लागतो किंवा बंदच पडतो. म्हणून आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीचं. याच नावाने ८ जीबीचंही विकतात, बिलावर आकडा लिहून घ्या. नुसते गेम असते तर रेडिऑन ९०६० एक्सटी १६ जीबी सुचवलं असतं, पण ब्लेंडरमध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिक्स (कार्डावर रेंडर करायचं तंत्र) बरंच पुढे आहे. लग्नाच्या शूटिंगचे बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा प्रकार) रेकॉर्ड करतात. ते फुटेज आरटीएक्स ५० मालिकेची कार्डं हार्डवेअरवर उलगडतात, ४० मालिकेची नाही. जुनं ४० मालिकेचं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलंत तर टाइमलाइन झटके देत चालेल, आणि दोष प्रीमिअरला जाईल.

रॅम: चार स्टिकचा विचार सोडा. रायझन ७००० वर चार डीडीआर५ स्टिक लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो. १६ जीबीच्या दोन, एकाच पाकिटातल्या, ६००० एमटी (वेग), सीएल३० (प्रतिसादाचा विलंब), एक्सपो (रॅम छापील वेगाने चालवायची एएमडीची सेटिंग) असलेल्या घ्या. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे ६४ जीबीची हौस आता नको.

आता एसएमपीएस, ज्यावर लोक हटकून पैसे वाचवतात. हिशेब असा: प्रोसेसर ८८, कार्ड १८०, बोर्ड-पंखे-एसएसडी मिळून साधारण ६०. झाले सव्वातीनशे. मग ५०० पुरायला हवेत की! पण कार्ड क्षणभर याच्या कितीतरी वर उसळी मारतं, आणि कॅबिनेटसोबतच्या एसएमपीएसवर छापलेले ५०० वॅट बहुधा ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींची बेरीज धरून असतात. स्टिकर वाचा: १२ व्होल्टपुढे अँपिअर किती? ३० लिहिले असतील तर १२ × ३०, म्हणजे ३६० वॅटच. ६५० वॅटचा, १२ व्होल्टवर ५० अँपिअरच्या वर देणारा, ५ वर्षं किंवा जास्त वॉरंटी असलेला घ्या. ८० प्लसचा बिल्ला वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) घेतलात तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडी क्षणात जळते.

लाइट जाते म्हणून यूपीएस लागेलच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, मॉनिटर धरून तो तोकडा पडेल. ११०० व्हीए बघा. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगले एसएमपीएस कधी कधी कुरकुरतात किंवा बंद पडतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी प्लगचं अर्थिंग तपासा, पार्ट बदलू नका.

विंडोज आणि गेमसाठी १ टीबीची जेन४ एनव्हीएमई (एम.२ खाचेतली वेगवान एसएसडी) घ्या. जेन५ चा या कामात फरक जाणवणार नाही. जुनी साटा असेल तर झालेलं फुटेज तिच्यावर. कॅबिनेट समोरून जाळीचं, पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, बंद काचेच्या तोंडाचं कॅबिनेट तिथे भट्टी होतं. डेझर्ट कूलरचा झोत थेट जाळीवर येऊ देऊ नका.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून करा, पुण्याच्या तपकीर गल्लीतून की ऑनलाइन, 'ट्रे' (बॉक्सशिवाय सुटा) प्रोसेसर स्वस्त पडतो तो कंपनीची वॉरंटी नसल्यामुळे. बॉक्सचाच घ्या, पक्कं बिल घ्या.

जोडताना घोळ होतात ते ठरलेले. एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर त्रिकोणाची खूण जुळवून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. लीव्हर बंद करताना काळं प्लास्टिक झाकण उडून निघतं, ते जपा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना लागतं. एम.२ च्या हीटसिंकखालची आणि कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढा. बॉक्सच्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, वेगळी थापू नका. प्रोसेसरची ८ पिनांची केबल ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२. जोर लावून अदलाबदल करू नका. बोर्डाखालचे स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खुंट) मोजून फक्त भोकांसमोर ठेवा, एखादा भलतीकडे राहिला तर शॉर्ट होतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळी राहील, बोर्डावर 'डीरॅम'चा दिवा पेटलेला असेल. घाबरून बटण दाबू नका. एएम५ रॅमची ओळख करून घेत असतो, काही मिनिटं लागतात. १५ मिनिटांनंतरही काही नाही तर एकच स्टिक दुसऱ्या खाचेत ठेवून पाहा. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला लावा. मग बायोसमध्ये एक्सपो सुरू करा. विसरलात तर ६००० ची रॅम ४८०० च्या आसपास रेंगाळेल. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग ६००० दिसतो का बघा, आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० चे १६५ हर्ट्झ करा. नंतर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावून ठेवा. एक जरी एरर आली तरी ती जोडी दुकानदाराकडून बदलून घ्या.