यजमानपद कोणाला आणि प्रवेश कोणत्या खेळाला?

ऑलिम्पिक, आशियाई आणि राष्ट्रकुल या बहुक्रीडा स्पर्धांसंबंधी वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. क्रिकेट आणि कबड्डीविषयीचे दोन प्रश्न मुळात एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, म्हणून त्यांचे उत्तरही एकच दिले आहे.

प्रश्न : ऑलिम्पिकचे यजमान शहर ठरवताना पूर्वी चुरशीचे मतदान होत असे आणि जगभरचे लोक निकालाची वाट पाहत असत. अलीकडे अशी चुरस दिसत नाही. पद्धत बदलली आहे का?

बदलली आहे, आणि तीही केवळ तपशिलात नव्हे. जून २०१९ मध्ये लोझान येथील अधिवेशनात, म्हणजे सर्व सदस्यांच्या सभेत, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जुनी पद्धत मोडीत काढली. तोवरचा रिवाज असा होता, की इच्छुक शहरांनी ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचे, आराखडे आणि सरकारी हमीपत्रे सादर करायची, मूल्यमापन आयोगाच्या पाहणीला सामोरे जायचे आणि स्पर्धेच्या साधारण सात वर्षे आधी समितीच्या सदस्यांनी गुप्त मतदानाने त्यांतील एकाची निवड करायची. कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते मिळवणारे शहर बाद होऊन पुढची फेरी होई.

ही रीत वरवर सरळ दिसली, तरी तिच्यात एक मेख होती. पहिल्या फेरीत आघाडी घेण्यापेक्षा, बाद होणाऱ्या शहरांच्या समर्थकांची दुसरी पसंती असणे अधिक मोलाचे ठरत असे. २००० सालच्या स्पर्धेसाठी १९९३ मध्ये मोंटे कार्लो येथे मतदान झाले, तेव्हा पहिल्या तिन्ही फेऱ्यांत बीजिंग पुढे होते. तिसऱ्या फेरीत बीजिंगला ४०, सिडनीला ३७ आणि मँचेस्टरला ११ मते मिळाली. मँचेस्टर बाद झाले, चौथ्या फेरीत सिडनीच्या मतांत आठांची भर पडली, बीजिंगच्या मतांत तिघांचीच, आणि सिडनीने ४५ विरुद्ध ४३ असा विजय मिळवला. बीजिंगला त्यानंतर २००८ पर्यंत थांबावे लागले.

मतदार थोडे आणि बक्षीस मोठे असले, की मतदारांची मर्जी सांभाळण्याचे उद्योग सुरू होतात. २००२ च्या हिवाळी स्पर्धेचे यजमानपद सॉल्ट लेक सिटीला मिळवून देण्यासाठी समितीच्या सदस्यांना व त्यांच्या नातेवाइकांना भेटी, प्रवास आणि शिष्यवृत्त्या दिल्या गेल्याचे १९९८ च्या अखेरीस उघड झाले. सहा सदस्यांची हकालपट्टी झाली, चौघांनी राजीनामे दिले आणि सदस्यांनी इच्छुक शहरांना भेटी देण्यावर बंदी आली.

तरीही जुनी पद्धत लाचलुचपतीने मोडली नाही. ती मोडली उमेदवारांच्या टंचाईने. २०२२ च्या हिवाळी स्पर्धेच्या शर्यतीतून स्टॉकहोम, क्राकोव्ह, लव्हिव्ह आणि ऑस्लो एकामागून एक बाहेर पडले. क्राकोव्हमध्ये सार्वमत विरोधात गेले, तर ऑस्लोच्या बाबतीत नॉर्वेच्या सरकारने आर्थिक हमी देण्यास नकार दिला. शेवटी बीजिंग आणि अलमाटी ही दोनच शहरे उरली. २०२४ साठी बोस्टन, हॅम्बुर्ग, रोम आणि बुडापेस्ट यांनी माघार घेतली. उरलेल्या दोघांपैकी एकाला नाराज करण्यात शहाणपण नाही, हे ओळखून समितीने २०१७ मध्ये लिमा येथे पॅरिसला २०२४ ची आणि लॉस एंजेलिसला २०२८ ची स्पर्धा एकाच बैठकीत बहाल केली.

आजच्या पद्धतीत उन्हाळी आणि हिवाळी स्पर्धांसाठी प्रत्येकी एक ‘भावी यजमान आयोग’ आहे. कोणतेही शहर, प्रदेश किंवा एकाहून अधिक देशही या आयोगाशी केव्हाही चर्चा सुरू करू शकतात. या टप्प्याला ‘निरंतर संवाद’ म्हणतात. आयोगाला एखादा प्रस्ताव पक्का वाटला, तर कार्यकारी मंडळाच्या संमतीने त्याच्याशी ‘लक्ष्यित संवाद’ सुरू होतो, त्यात हमीपत्रे, खर्चाचे गणित, जनमताची चाचणी अशा बाबी तपासल्या जातात आणि मग बहुधा एकच नाव अधिवेशनापुढे होकार-नकारासाठी येते. सात वर्षांची अटही राहिलेली नाही. ब्रिस्बेनला २०३२ ची स्पर्धा जुलै २०२१ मध्ये, म्हणजे अकरा वर्षे आधीच, ७२ विरुद्ध ५ मतांनी मिळाली.

हरणाऱ्या शहरांचा पैसा वाचतो, हा या पद्धतीचा खरा गुण आहे. परंतु पूर्वी शंभरएक सदस्यांच्या मतपेटीत होणारा निर्णय आता मूठभर लोकांच्या आयोगात होतो आणि एका प्रस्तावाला दुसऱ्यावर पसंती का दिली, हे बाहेरच्या माणसाला तपासता येईल अशा रीतीने मांडले जात नाही. मतांचे आकडे निदान छापले तरी जात असत.

प्रश्न : समितीचे सदस्य आपापल्या देशाच्या सरकारच्या सांगण्यानुसार मत देतात का?

नियमानुसार नाही. ते आपल्या देशाचे समितीतील प्रतिनिधी नसून समितीचे आपल्या देशातील प्रतिनिधी मानले जातात. सदस्यसंख्येची कमाल मर्यादा ११५ आहे आणि त्यांत खेळाडू, आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघ व राष्ट्रीय ऑलिम्पिक समित्या यांच्यासाठी प्रत्येकी १५ जागा आहेत. आपल्या देशाचे शहर शर्यतीत असेपर्यंत त्या देशाच्या सदस्याने मत द्यायचे नाही, असाही दंडक होता. राजकारणाला शिरकाव करण्याची वाट यामुळे थोडी लांबली, एवढेच म्हणता येईल.

प्रश्न : क्रिकेट लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये आले, मग कबड्डी का नाही? आणि कराटेसारखा खेळ एकदा येऊन लगेच बाहेर कसा जातो?

येथे दोन पायऱ्या वेगळ्या ओळखायला हव्यात : पात्रता आणि निवड. खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला ऑलिम्पिक समितीची मान्यता असणे आणि त्या महासंघाने उत्तेजक द्रव्यविरोधी जागतिक संहिता पाळणे, ही पात्रतेची पायरी झाली. पूर्वी तर प्रसाराचे मोजमापही नियमातच होते. पुरुषांचा खेळ चार खंडांतील किमान ७५ देशांत आणि महिलांचा खेळ तीन खंडांतील किमान ४० देशांत खेळला जात असला पाहिजे, अशी उन्हाळी स्पर्धेसाठी अट होती. ही पायरी चढूनही खेळ वर्षानुवर्षे ताटकळत राहू शकतो. स्क्वॉशने २००५ मध्ये सिंगापूरला निवडीचा उंबरठा गाठला, पण आवश्यक दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. २००९ मध्ये गोल्फ आणि रग्बी सेव्हन्स पुढे निघून गेले. २०१३ मध्ये कुस्तीने त्याला मागे टाकले. अखेर २०२८ साठी त्याचा प्रवेश झाला, तोही वेगळ्याच दारातून.

ते दार डिसेंबर २०१४ मध्ये उघडले. त्या वर्षी स्वीकारलेल्या सुधारणांनुसार यजमान संयोजन समितीला आपल्या स्पर्धेपुरते काही जादा खेळ सुचवण्याचा अधिकार मिळाला. टोकियोने बेसबॉल-सॉफ्टबॉल, कराटे, स्केटबोर्डिंग, सर्फिंग आणि स्पोर्ट क्लायंबिंग हे खेळ घेतले. पॅरिसने कराटे व बेसबॉल वगळून ब्रेकिंग (म्हणजे ब्रेकडान्स) आणले आणि लॉस एंजेलिसने ब्रेकिंगला निरोप दिला. म्हणजे कराटेला कोणी हाकलले नाही. त्याचा मुक्काम मुळातच एका स्पर्धेपुरता होता. लॉस एंजेलिसच्या यादीतील क्रिकेट, बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल, लॅक्रोस आणि स्क्वॉश या पाच खेळांना ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या अधिवेशनाने मंजुरी दिली.

यजमानाची पसंती कशावर ठरते, हे उघड आहे. बेसबॉल आणि फ्लॅग फुटबॉल अमेरिकी प्रेक्षकांसाठी आहेत, तर क्रिकेट दक्षिण आशियातील दूरचित्रवाणी प्रेक्षकांसाठी, आणि यात लपवण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. क्रिकेटने आपल्या बाजूनेही तडजोड केली. सामने ट्वेंटी-२० स्वरूपाचे असतील, पुरुष आणि महिला गटांत प्रत्येकी सहाच संघ असतील आणि प्रत्येक गटासाठी ९० खेळाडूंची मर्यादा असेल, म्हणजे एका संघाच्या वाट्याला पंधरा जण येतात. खेळाडूंची एकूण संख्या १०,५०० च्या आसपास ठेवण्याचे समितीचे धोरण असल्याने सांघिक खेळांना प्रवेश मिळणे नेहमीच अवघड जाते. या पाच खेळांसाठी त्या मर्यादेपलीकडे सुमारे सातशे जागा द्याव्या लागल्या आहेत. १९०० साली पॅरिसमध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात झालेल्या एकमेव सामन्यानंतर क्रिकेट थेट २०२८ मध्ये परतत आहे.

कबड्डी अद्याप पहिल्याच पायरीवर अडली आहे. तिच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला ऑलिम्पिक समितीची मान्यता नाही, त्यामुळे यजमानाने मनात आणले तरी तिला थेट आत घेता येणार नाही. आशियाई स्पर्धांत मात्र ती १९९० पासून पदकांचा खेळ आहे. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने पुरुष आणि महिला अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली, तेव्हा आपल्याकडे हळहळ व्यक्त झाली. माझ्या मते कबड्डीच्या ऑलिम्पिक दाव्यासाठी ती हार भारताच्या कोणत्याही सुवर्णपदकापेक्षा उपयोगाची होती, कारण ज्या खेळात एकच देश नेहमी जिंकतो, त्याच्यासाठी जागा मागणे कठीण असते.

जुने खेळही निर्धास्त नसतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये कार्यकारी मंडळाने २०२० पासून कुस्तीच वगळण्याची शिफारस केली, तेव्हा प्राचीन ऑलिम्पिकपासूनच्या परंपरेचा दाखला पुरेसा ठरला नाही. महासंघाचे अध्यक्ष बदलले, गुणांकनाचे नियम प्रेक्षकाला समजतील असे केले गेले, महिलांच्या वजनी गटांची संख्या वाढवण्यात आली आणि मग त्याच वर्षी सप्टेंबरात ब्युनोस आयर्स येथे कुस्ती ४९ मतांनी परत आली. बॉक्सिंगच्या बाबतीत तर महासंघाचीच मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली गेली आणि नव्या संघटनेला मान्यता मिळाल्यानंतरच मार्च २०२५ मध्ये या खेळाचे लॉस एंजेलिसमधील स्थान पक्के झाले.

प्रश्न : राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत यजमान आपल्या मर्जीने खेळ वगळू किंवा वाढवू शकतो का?

ऑलिम्पिकपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात. राष्ट्रकुल स्पर्धांत आता ॲथलेटिक्स आणि जलतरण यांचाच आग्रह धरला जातो. बाकीची यादी यजमान आणि राष्ट्रकुल क्रीडा महासंघ मिळून ठरवतात. म्हणूनच बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये नेमबाजी वगळता आली आणि ग्लासगोच्या २०२६ च्या यादीत हॉकी, बॅडमिंटन, कुस्ती, क्रिकेट यांपैकी काहीही नाही. तेथे कारण आवडीनिवडीचे नसून खर्चाचे आहे : ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने अंदाजपत्रक २.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवरून सहा अब्जांपलीकडे गेल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये या स्पर्धेच्या यजमानपदातून माघार घेतली आणि ग्लासगोने दहा खेळ व चार क्रीडासंकुले एवढ्याच बोलीवर ती जबाबदारी उचलली. आशियाई स्पर्धांत उलट यादी फुगत जाते. इंडोनेशियाने २०१८ मध्ये पेंचाक सिलाट या आपल्या पारंपरिक युद्धकलेचे सोळा प्रकार ठेवले आणि त्यांतील चौदा सुवर्णपदके स्वतःच जिंकली.

प्रश्न : यजमानपद मिळाल्यावर शहराला नकार देता येतो का?

येतो, पण भुर्दंड बसतो. व्हिक्टोरियाला ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. सर्वांत बोलके उदाहरण डेन्व्हरचे आहे. १९७६ ची हिवाळी स्पर्धा मिळालेली असताना कोलोरॅडो राज्यातील मतदारांनी १९७२ मध्ये तिच्यासाठी सार्वजनिक पैसा देण्यास नकार दिला आणि ती स्पर्धा इन्सब्रुकला गेली. हनोईने २०१९ साठी मिळालेली आशियाई स्पर्धा २०१४ मध्ये परत केली, तर डर्बनकडून २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा काढून घेण्यात आली.

प्रश्न : भारताने २०३६ साठी अर्ज केला आहे, म्हणजे नेमके काय केले आहे?

भारतीय ऑलिम्पिक संघटनेने १ ऑक्टोबर २०२४ रोजी भावी यजमान आयोगाला इरादापत्र दिले, म्हणजे निरंतर संवादाची वाट धरली. पुढचा टप्पा केव्हा येईल हे केवळ भारतावर अवलंबून नाही, कारण समितीच्या अध्यक्षा कर्स्टी कॉव्हेंट्री यांनी पदावर येताच, जून २०२५ मध्ये, निवडीची प्रक्रिया थांबवून तिचा फेरविचार करण्याचे ठरवले. अहमदाबादला नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळालेली २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा हा सर्वस्वी वेगळ्या संस्थेचा निर्णय आहे. ती उत्तम पार पडली, तर वजन वाढेल. पण तिच्यामुळे ऑलिम्पिकवर कोणताही हक्क निर्माण होत नाही.

प्रश्न : सर्व सामने यजमान शहरातच व्हावे लागतात का?

नाही. पॅरिसच्या स्पर्धेतील सर्फिंग पंधरा हजार किलोमीटरहून दूर असलेल्या ताहितीत झाले आणि लॉस एंजेलिसची सॉफ्टबॉल व कनू स्लालोम (खळाळत्या पाण्यातील नौकास्पर्धा) या खेळांची मैदाने ओक्लाहोमा सिटीत आहेत. १९५६ चा प्रसंग याहून अजब होता. मेलबर्नने ते यजमानपद ब्युनोस आयर्सला एका मताने हरवून मिळवले होते, पण ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे नियम इतके कडक होते, की परदेशी घोड्यांना देशात आणताच येईना. त्यामुळे घोडेस्वारीच्या स्पर्धा जूनमध्ये स्टॉकहोमला उरकून घेतल्या गेल्या, आणि नोव्हेंबरात मेलबर्नचे उद्घाटन झाले, तेव्हा त्या स्पर्धेतील काही पदकांचे वाटप होऊन पाच महिने लोटले होते.